धर्माच्या गाईचे दात

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यांत एक जुनी म्हण आहे. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय?’ फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, मिळाली तशी मुकाट्याने घरी न्यावी, असा तिचा अर्थ. एका घरापुरती ही म्हण ठीक आहे. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या वस्तूची खोड काढणे हे माणुसकीला धरून नाही. पण एखादा धनवान मनुष्य जेव्हा सबंध शहराला दान देतो, तेव्हा ती गाय एकट्याच्या गोठ्यात जात नाही. तिचा चारा सर्वांनी घालावयाचा असतो, तिचे शेण सर्वांनी काढावयाचे असते, आणि दूध कोणास मिळणार हा तर सर्वांचाच प्रश्न असतो. अशा गाईचे दात मोजलेच पाहिजेत. दात्याचा अपमान करण्यासाठी नव्हे, तर दान नीट सांभाळता यावे म्हणून. हीच एक गोष्ट मला आज सांगावयाची आहे, आणि ती एका खऱ्या दानाच्या हकिकतीवरून सांगावयाची आहे.

हे दान आपल्याकडचे नव्हे. स्कॉटलंड देशात क्लाइड नदीच्या काठी ग्लासगो नावाचे शहर आहे. जहाजे बांधणाऱ्यांचे, लोखंड ओतणाऱ्यांचे, गोदीत ओझी वाहणाऱ्यांचे असे हे शहर. ह्या शहराला १९४४ साली सर विल्यम बरेल आणि त्यांच्या पत्नी कॉन्स्टन्स यांनी आपला खाजगी कलासंग्रह देऊन टाकला. सुमारे ६,००० वस्तू, आणि त्या ठेवण्यासाठी इमारत बांधावी म्हणून ४,५०,००० पौंड रोख. एका कुटुंबाने एका शहराला दिलेल्या देणग्यांत ही फार मोठी देणगी गणली जाते.

तुम्ही म्हणाल, आमच्या विहिरीला पाणी नाही, आमच्या मालाला भाव नाही, आणि हा गृहस्थ आम्हांला साहेबाच्या दिवाणखान्याची गोष्ट सांगतो! पण जरा थांबा. त्या संग्रहात काय होते ते ऐका. त्यात नामांकित चित्रकारांची चित्रे होती खरी. एडगर देगा ह्या फ्रेंच चित्रकाराचीच वीसच्या वर चित्रे होती. परंतु संग्रहाचा मोठा भाग हा विणकरांनी विणलेला, कुंभारांनी घडविलेला, सुतारांनी कोरलेला, काच ओतणाऱ्यांनी ओतलेला माल होता. भिंतीवर टांगावयाचे लोकरीचे पट, गालिचे, रंगीत काचेच्या ७०० हून अधिक खिडक्यांची तावदाने, चीन देशातील मातीची भांडी, लाकडी पेट्या, दरवाजे. म्हणजे तुमच्या-आमच्या जातभाईंच्या हातचे काम. ‘कला’ ह्या शब्दाला आपण उगाच बिचकतो. ते काम आपल्याच घरातून गेलेले आहे.

आता हा बरेल कोण, आणि एवढा पैसा त्याच्याजवळ आला कोठून, ते पाहू. १८६१ साली ग्लासगोत त्याचा जन्म झाला. आजोबांनी कालव्यातून माल नेण्या-आणण्याचा धंदा सुरू केला होता, बापाने तो जहाजांपर्यंत वाढविला. विल्यम चौदाव्या वर्षी पेढीवर बसला. १८८५ साली बाप वारला, आणि विशीतल्या दोघा भावांच्या, विल्यम व जॉर्ज यांच्या, हाती धंदा आला. त्यांची युक्ति आपल्या बाजारच्या कोणाही शहाण्या माणसास कळेल अशी होती. दुष्काळात बैल स्वस्त होतात, कारण चारा नसतो आणि धन्याला ते विकावेच लागतात. ज्याच्या गाठीस पैसा असेल त्याने तेव्हा बैल घ्यावे, आणि पाऊसपाणी झाले की चढ्या भावाने विकावे. जहाजांचेही तसेच. मंदी आली की जहाज बांधणारे कारखाने ओस पडतात, मालक पडत्या भावाने काम घेतात. नेमक्या अशा वेळी हे दोघे भाऊ एकदम पुष्कळ जहाजे बांधावयास देत. तेजी आली की ती चालवून नफा मिळवीत, आणि भाव शिगेस पोचला की विकून मोकळे होत. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात जहाजे बुडू लागली, उरलेल्यांना सोन्याचा भाव आला. त्या काळात त्यांनी जवळजवळ सगळा ताफा विकून टाकला. पुढची चाळीस वर्षे बरेलने वस्तू जमविण्यात घालविली.

ह्यात चोरी नव्हती. व्यापाराचा कायदा जे करू देतो तेच त्याने केले. पण त्या नफ्यामागे जहाजाच्या पोटात भट्टीपुढे कोळसा लोटणारे हात होते, गोदीत रिबिटी ठोकणारे हात होते, हे विसरून चालणार नाही. त्याच युद्धात, १९१५ साली, ग्लासगोच्या मजूर बायकांनी घरभाडे वाढविणाऱ्या मालकांविरुद्ध मोठा संप केला. नवरे, मुले लढाईवर गेलेली, आणि इकडे मालक भाडे वाढवितात! मेरी बार्बर नावाची बाई त्या लढ्यात पुढे होती. बायकांनी भाडे देणे बंद केले, घर खाली करून घ्यावयास आलेल्या अंमलदारांस परतविले, आणि त्याच वर्षी सरकारला भाड्यावर बंधन घालणारा कायदा करावा लागला. एकाच शहरात, एकाच युद्धात, कोणाची जहाजे सोन्याच्या भावाने विकली गेली आणि कोणास आपले छप्पर राखण्यासाठी रस्त्यावर यावे लागले. ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

तरीही बरेलला एकाच रंगात रंगवू नये. तो १८९९ सालापासून काही वर्षे त्या शहराच्या नगरसभेत सभासद होता, आणि राहण्यास अयोग्य अशी घरे व तळघरे यांची पाहणी करणाऱ्या उपसमितीचा तो प्रमुख होता. गरिबांच्या अंधाऱ्या खोल्या त्याला ठाऊक नव्हत्या असे नाही. १९०१ साली ग्लासगोत मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा आपल्या वस्तू लोकांना पाहण्यासाठी उसन्या देणाऱ्यांत तो आघाडीवर होता. वस्तू आपल्या वाड्यात कुलपात ठेवून मरून जावे, अशी त्याची बुद्धी नव्हती. हा त्याचा गुण आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.

आता त्या संग्रहातील एकच वस्तू घेऊ. ती एक विणलेला पट आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या उत्तरेकडील मुलुखात अशा पटांचे मोठे माग होते, त्या काळातील हे काम. त्या देशांत सरदारांचे वाडे दगडी आणि थंड. भिंती उबदार दिसाव्यात आणि वैभवही दिसावे म्हणून असे लोकरीचे पट टांगीत. पटावर बहुधा राजे, देव, लढाया असावयाच्या. पण ह्या पटावर आहेत खेड्यातील कुणबी माणसे! पुरुष आहेत, बायका आहेत. सारी मंडळी सशांच्या शिकारीस निघाली आहे. मुंगसासारखा लांबोडक्या अंगाचा पाळीव प्राणी सशाच्या बिळात सोडावयाचा, बिळाच्या तोंडाशी जाळे लावावयाचे, आणि ससा बाहेर उडी मारतो तोच त्यास धरावयाचे, अशी ती रीत. आपल्याकडचा कोणीही माणूस तो पट पाहील तर पहिल्या नजरेत म्हणेल, हे काम मला ठाऊक आहे!

हा पट विणला कसा? भगिनींनो, येवल्याच्या पैठणीचा पदर आठवा. पदरावर मोर असतो तो छापलेला नसतो, भरतकामाचाही नसतो. उभ्या ताण्यातून प्रत्येक रंगाचा बाणा आपापल्या तुकड्यापुरता जातो आणि रंगाची हद्द आली की तेथूनच मागे फिरतो. जितके रंग तितक्या कांड्या. म्हणून पैठणीच्या पदरास इतके दिवस लागतात. युरोपातील पटांचीही वीण ह्याच तत्त्वावर होती. फरक इतकाच की तेथे बाणा बहुधा लोकरीचा, आणि पट भिंतीएवढा. चितारी आधी पूर्ण मापाचे चित्र काढून देई, आणि विणकर ते समोर ठेवून ओळीमागून ओळ भरीत जाई. तांबडा रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा, पिवळा एका रानपाल्याचा, निळा नीळ देणाऱ्या पानांचा; आणि हिरवा हवा तर निळ्यावर पिवळा चढवावयाचा. रंगाऱ्याचे सारे शास्त्र त्यात आले. मेंढी कातरणारा, सूत काढणारी, रंगविणारा, विणणारा, एवढ्या हातांनी तो पट झाला. ह्यांपैकी एकाचेही नाव आपणांस ठाऊक नाही.

बरेल हिशेबाचा पक्का होता. शाळकरी पोरांच्या वह्यांसारख्या वह्यांत तो प्रत्येक खरेदी लिहून ठेवी. कोणाकडून घेतली, किती पौंड पडले, माल पोचला की नाही, विमा उतरविला की नाही. त्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत, आणि अभ्यासकांना त्यांचा फार उपयोग होतो. त्यांत विकणाऱ्याचे नाव आहे, घेणाऱ्याचे तर आहेच. पण विणणाऱ्याचे नाव त्यात कोठून यावे? ते त्या आधी पाचशे वर्षे कोणी लिहूनच ठेवले नव्हते. देगाने चित्र काढले तर देगाचे नाव जगभर. विणकराने वर्षभर मागावर बसून भिंतीएवढा पट विणला, तर पाटीवर लिहितात, ‘विणकर अज्ञात’. बंधूंनो, धर्माच्या गाईचा हा पहिला दात. दान देणाऱ्याचे नाव संग्रहालयाच्या दारावर कोरले जाते, आणि जे घडवितात ते अज्ञात राहतात. दात्याचे नाव पुसा असे मी म्हणत नाही. पण घडविणाऱ्याचे नाव शोधा, नाव न सापडले तर निदान त्याचा धंदा, त्याचा मुलूख, त्याच्या हाताची रीत पाटीवर लिहा, एवढे मागण्याचा आपला हक्क आहे.

आता दुसरा दात, अटींचा. बरेलने दान दिले ते अटी घालून. संग्रह एकत्र राहावा, त्यास बरेलचे नाव असावे. त्याच्या हटन येथील वाड्यातील तीन दालने संग्रहालयात तशीच उभारावीत. आणि सर्वांत अवघड अट अशी की, संग्रहालयाची इमारत ग्लासगोच्या मध्यावरील रॉयल एक्स्चेंजपासून निदान १६ मैल दूर, आणि किलर्न नावाच्या गावाच्या ४ मैलांच्या आत असावी. सोळा मैल म्हणजे आपले आठ कोस. दान शहराला, आणि वस्तू शहराबाहेर आठ कोसांवर!

ही अट वेडगळपणाची नव्हती, तिच्यामागे कारण होते. त्या काळी ग्लासगोच्या गिरण्या, कारखाने, घरोघरच्या शेगड्या, साऱ्या दगडी कोळशावर चालत. हवा काजळीने आणि गंधकाच्या धुराने भरलेली. असा धूर लोकरीच्या जुन्या धाग्यास खातो, रंग मारतो. पट टिकावयाचे तर स्वच्छ हवा पाहिजे, हे बरेलला बरोबर समजत होते. परंतु ह्याच गोष्टीतून एक कडू सत्य आपोआप पुढे येते. जो धूर पाचशे वर्षांच्या कापडाला सोसत नव्हता, तोच धूर ग्लासगोचे मजूर, त्यांच्या बायका, त्यांची तान्ही मुले रोज छातीत भरून घेत होती. कापडासाठी आठ कोसांची अट घालता आली. माणसांसाठी तशी अट कोण घालणार? आणि कारखान्यात दिवसभर राबणारा माणूस आठ कोस जाऊन ते पट पाहणार तरी केव्हा? गाडीभाडे त्याला कोण देणार?

झाले असे की, अटीत बसेल अशी जागा वर्षानुवर्षे ठरेना. बरेल म्हातारपणीही वस्तू घेतच राहिला, संग्रह ८,००० च्या वर गेला, आणि १९५८ साली शहाण्णवाव्या वर्षी तो वारला. आपण दिलेल्या दानाचे घर त्याला डोळ्यांनी पाहावयास मिळाले नाही. काही वस्तू अधूनमधून प्रदर्शनांत मांडल्या जात, बाकीच्या पेट्यांतून आणि कोठारांतून पडून. कागदावर शहर मालक, पण मालकाला आपली मालमत्ता दिसत नाही, अशी ती स्थिती. आपल्या गावी देणगीच्या पाटीची विहीर असते, आणि तिला पाणी मात्र नसते, तसाच प्रकार.

ही गाठ सुटली ती दोन कारणांनी. पहिले कारण हवा. १९५६ साली ब्रिटनमध्ये धूर आवरण्याचा कायदा झाला, आणि हळूहळू शहरांची हवा सुधारू लागली. दुसरे कारण दुसरे दान. १९६७ साली अ‍ॅन मॅक्सवेल मॅक्डोनल्ड ह्या बाईंनी आपल्या घराण्याचा पोलॉक येथील वाडा आणि भोवतालची सुमारे ३६० एकर हिरवी जमीन ग्लासगो शहरास दिली. ही जागा शहराच्या मध्यापासून तीन-चार मैलांवर. झाडी आहे, हवा चांगली आहे. बरेलच्या दानाचे विश्वस्त होते, त्यांनी विचार केला की, अटीचा हेतू काय होता? वस्तू धुरापासून वाचाव्यात हा. तो हेतू येथे साधत असेल, तर मैल मोजत बसण्यात काय अर्थ? त्यांनी संमती दिली. स्पर्धा लावून इमारतीचा नकाशा निवडला, बॅरी गॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांचा. आणि २१ ऑक्टोबर १९८३ रोजी बरेल संग्रहाचे दार उघडले. दानपत्र १९४४ चे, दार उघडले १९८३ साली. मध्ये ३९ वर्षे गेली. १९४४ साली जन्मलेले मूल तोवर चाळिशीला टेकले.

आणखी एक अट ऐका. बरेलने असेही घालून ठेवले होते की, ह्या वस्तू ब्रिटनबाहेर प्रदर्शनासाठी पाठवू नयेत. समुद्राच्या प्रवासात काय धोके असतात हे त्याच्याइतके कोणास ठाऊक? सारा जन्म ज्याने समुद्रावर पैसा मिळविला, तो आपले पट मात्र समुद्रावर घालावयास तयार नव्हता! पुढे काळ बदलला. संग्रहालयाची दुरुस्ती करावयाची झाली, तेव्हा वस्तू परदेशी पाठवून चार लोकांस दाखवाव्यात, असे नगरसभेस वाटले. काहींनी हरकत घेतली की, दात्याचा शब्द मोडू नये. काहींनी म्हटले की, मेलेल्या माणसाच्या भीतीने जिवंत माणसांचे हात किती दिवस बांधून ठेवावयाचे? हा वाद चोरून मिटविला नाही. स्कॉटलंडच्या कायदेमंडळापुढे तो गेला, दोन्ही बाजूंनी साक्षी झाल्या, आणि २०१४ साली खास कायदा होऊन ती अट सैल करण्यात आली. मला ही रीत पसंत आहे. दात्याची अट मानावी. ती अडचणीची झाली तर तिचा हेतू पाहावा. आणि बदलावयाची तर चावडीवर, दहा लोकांसमक्ष, कारणे सांगून बदलावी. विश्वस्ताने रात्री घरात बसून बदलू नये.

आता तिसरा दात, खर्चाचा. हत्ती दानात मिळतो, पण त्याचा चारा दानात मिळत नाही. १९८३ सालची ती सुंदर इमारत काही वर्षांनी गळू लागली. छतातून पाणी झिरपू लागले. जे पट धुरापासून वाचविले त्यांच्यावर पाण्याचे संकट! शेवटी २०१६ साली दारे बंद करावी लागली. सुमारे ६ कोटी ८० लाख पौंड खर्च करून छत, काचा, दालने नवी केली, आणि मार्च २०२२ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. पुढच्याच वर्षी, २०२३ साली, ब्रिटनमधील त्या वर्षीचे उत्तम संग्रहालय म्हणून त्याला मानाचे पारितोषिक मिळाले. हा पैसा आला कोठून? शहराच्या तिजोरीतून, सरकारी निधीतून, देणगीदारांकडून. म्हणजे पुष्कळसा लोकांच्याच खिशातून. तेव्हा दान एकदा मिळते, आणि ते सांभाळण्याचे बिल दर पिढीला येते. म्हणून ते बरेलचे जितके आहे, तितकेच कर भरणाऱ्या ग्लासगोकराचे आहे. आणि ग्लासगोने एक गोष्ट चांगली राखली. आत जाण्यास दाम पडत नाही. गोदीतला मजूर आपली पोरे घेऊन रविवारी तेथे फुकट जाऊ शकतो. माझ्या मते त्या साऱ्या वैभवात हीच खरी दानत.

चौथा दात सर्वांत नाजूक. दिलेली वस्तू देणाऱ्याचीच होती काय? जर्मनीत हिटलरचे राज्य असताना ज्यू लोकांची मालमत्ता लुबाडली गेली. हँबर्गच्या एमा बुडगे ह्या ज्यू बाईंच्या मृत्यूनंतर १९३७ साली त्यांचा संग्रह बर्लिनमध्ये लिलावात काढला गेला, आणि वारसांच्या हाती ते पैसे पडले नाहीत. त्या लिलावातील पटाचा एक तुकडा फिरत फिरत १९३८ साली एका व्यापाऱ्यामार्फत बरेलकडे आला. २०१४ साली ब्रिटनच्या चौकशी मंडळाने वारसांचा दावा नैतिकदृष्ट्या खरा मानला, आणि शहराने भरपाई द्यावी असे ठरले. बरेलने जाणूनबुजून चोरीचा माल घेतला, असे कोणी म्हटलेले नाही. पण न जाणता घेतलेला मालही कोणाचा तरी असतोच.

आणि येथे आपल्या देशाचा संबंध येतो. बरेलचा संग्रह नव्हे, पण त्याच ग्लासगो शहराच्या दुसऱ्या संग्रहालयांत भारतातून गेलेल्या वस्तू होत्या. त्याही शहराला कोणी ना कोणी भेट म्हणूनच दिलेल्या. चौकशी करता असे आढळले की, त्यांतील सहा वस्तू एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडील देवळांतून आणि पवित्र स्थानांतून उचलून नेलेल्या होत्या. अकराव्या शतकातील दरवाजाची दगडी चौकटही त्यांत होती. सातवी वस्तू म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या संग्रहातून चोरीस गेलेली तलवार. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्लासगोच्या केल्व्हिनग्रोव्ह संग्रहालयात समारंभ होऊन ह्या सातही वस्तूंची मालकी भारतास परत देण्याचा करार झाला. ब्रिटनमधील संग्रहालयाने भारतास अशा रीतीने वस्तू परत देण्याची ही पहिलीच वेळ. देवळाच्या दाराची चौकट! ती कोण्या पाथरवटाने महिनोन् महिने छिन्नी मारून घडविली, गावाने तिच्यापुढे माथा टेकला, कोणी ती उपटून नेली, आणि शेवटी कोणी उदार होऊन ती परक्या शहरास दान केली. दुसऱ्याच्या गोठ्यातील गाय सोडून ब्राह्मणास असो की शहरास असो, दान दिली तर पुण्य कोणास लागणार? ग्लासगोने दात मोजले, खोट सापडली, आणि ती मान्य केली. दान घेणाऱ्याने एवढे धैर्य दाखविले म्हणून त्याची पत वाढली, घटली नाही.

आता कोणी मला सरळ विचारील, ‘मग ह्या बरेलचे दान चांगले की वाईट?’ त्याने तो पैसा जहाजावरच्या माणसांस जादा मजुरी म्हणून दिला असता, मजुरांची घरे बांधली असती, तर अधिक चांगले झाले नसते काय? हा प्रश्न खोटा नाही. मजुरी ही मजुराच्या हक्काची गोष्ट आहे, आणि कोणत्याही दानाने तिची भरपाई होत नाही. ग्लासगोच्या बायकांना घरभाड्याचा कायदा कोण्या दानशूराने दिला नाही, त्यांनी तो लढून घेतला. हक्काची जागा दानाने भरू नये. पण हे मान्य करूनही मी म्हणतो की, दान चांगले झाले. कारण त्याच वस्तू लिलावात गेल्या असत्या, तर पट एका वाड्यात, काच दुसऱ्या वाड्यात, भांडी सातासमुद्रापलीकडे, अशी पांगापांग झाली असती, आणि विणकराच्या नातवाला आपल्या आजाचे काम कधी दिसलेच नसते. आज ते सर्वांना दिसते. त्यात दात्याचा वाटा आहे, आणि वर्षानुवर्षे जागा शोधणाऱ्या, अट सैल करणाऱ्या, छत दुरुस्त करणाऱ्या घेणाऱ्यांचाही तितकाच वाटा आहे.

आपल्याकडे पुण्यास राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकर हे जहाजांचे मालक नव्हते. चष्म्याचे दुकान चालविणारे गृहस्थ. त्यांनी गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, तांब्या-पितळेची भांडी, वाड्यांचे कोरीव दरवाजे अशा वस्तू जमविल्या आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव संग्रहास दिले. १९७५ साली त्यांनी तो सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. सुमारे २०,००० वस्तू. तांबट, कासार, सुतार, लोहार यांचे जणू ते माहेरघर. आपल्यापैकी किती जणांनी ते पाहिले आहे? पंढरीला जाणारी आपली माणसे वाटेत पुण्यास थांबतात. एक दिवस पोरांस तेथे न्या. ‘हा अडकित्ता तुझ्या पणज्यासारख्याच लोहाराने केला,’ असे सांगा. शहाणपणाचे पुष्कळ धडे पुस्तकात नसतात.

आणि आपल्या घरातही पाहा. लग्नात आलेला लामणदिवा, आजीची तांब्याची घागर, सनगराने विणलेली जुनी घोंगडी, हे सारे आपण भंगारवाल्यास वजनावर देतो आणि त्यावर एक पातेले घेतो. विकण्यास मी मनाई करीत नाही. गरज असते तेव्हा माणूस विकतो. पण विकण्याआधी एवढे करा. शाळेत किंवा चावडीत एक वही ठेवा. वस्तू कोणती, कोणी केली, कोणत्या गावी केली, केव्हा केली, हे म्हाताऱ्या माणसांस विचारून तीत लिहून ठेवा. ज्याने घडविले त्याचे नाव पहिल्या ओळीत. बरेलच्या वहीत जे लिहिता आले नाही, ते आपल्या वहीत लिहिता येईल, कारण ती नावे सांगणारी माणसे आपल्याकडे अजून जिवंत आहेत. दहा वर्षांनी असतीलच असे नाही.

शेवटी, उद्या एखाद्या श्रीमंताने आपल्या तालुक्याला, आपल्या शहराला शाळा, दवाखाना, वाचनालय किंवा असा संग्रह दिला, तर हार जरूर घाला, दोन शब्द चांगले बोला. पण त्याच सभेत उभे राहून पाच गोष्टी विचारा. वस्तू मुळात कोणाची? अटी काय, आणि त्या बदलण्याची रीत कोणती? सांभाळण्याचा खर्च दर वर्षी कोण करणार? गरिबाला आत जाण्यास दाम पडेल काय, आणि तो पायी तेथे पोचेल काय? आणि पाटीवर घडविणाऱ्याचे नाव लागणार की नाही? विचारणारा उद्धट ठरेल अशी भीती बाळगू नका. ज्या दात्याचे मन स्वच्छ आहे, त्याला ह्या प्रश्नांचा राग येणार नाही. आणि ज्याला राग येईल, त्याचे दान घेण्यापूर्वी गावाने एक रात्र विचार करावा.